कंटूर नकाशा म्हणजे काय, आणि फुकटच्या नकाशावर चर का खणू नये

दोन वर्षांपूर्वी आषाढात आमच्या भरडावरचा चर फुटला. कणकवली तालुक्यातली अडीच एकर वरकस जमीन, वर सड्याची म्हणजे कातळाच्या माळाची कड, खाली व्हाळ म्हणजे ओढा आणि व्हाळाला लागून भाताचे कुणगे, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं. तिथे काजूची साठ कलमं लावायची म्हणून उताराला आडवे चर खणले होते आणि एका रात्रीच्या पावसात वरचा चर मधोमध एकाच ठिकाणी फुटला, ते पाणी खालच्या दोन चरांना घेऊन थेट कुणग्यात उतरलं. सकाळी काकांबरोबर गेलो तर लावणी झालेल्या भातावर तांबडी माती पसरलेली, बोटभर नाही, वीतभर, आणि कलमांना लावलेल्या आधाराच्या काठ्या तेवढ्या त्यातून वर आलेल्या. चर कुठून कसा न्यायचा तो नकाशा मी कॉम्प्युटरवर केला होता. म्हणून हा लेख लिहितोय.

कारण आता हे नकाशे सगळीकडे यायला लागलेत. स्वामित्व योजनेत गावठाणावर ड्रोन फिरलेले लोकांनी बघितलेत, बागेसाठी ड्रोन सर्व्हे करून देणारी पोरं तालुक्याच्या गावाला मिळतात, कोणी मुंबईतला भाऊ व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो, त्यात रंगीत पट्टे आणि वाकड्यातिकड्या रेषा, आणि घरातली म्हातारी माणसं विचारतात की हा कसला नकाशा, यात आपली हद्द कुठे आहे. प्रश्न बरोबर आहे. या नकाशात हद्द नसतेच, उंची असते. आणि ती उंची नेमकी आली कुठून हे विचारल्याशिवाय त्यावर जेसीबी लावू नये, एवढंच मला सांगायचंय, पण ते नीट कळायला अगदी सुरुवातीपासून बघूया.

ती रेषा म्हणजे भरतीची रेघ

समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला कंटूर समजायला पाच मिनिटं पुरतात. भरती ओसरल्यावर पुळणीवर एक रेघ राहते, शिंपल्यांची, सुक्या पाल्याची, नारळाच्या सोडणाची. पुळण सरळ असेल तिथे रेघ सरळ जाते, मध्ये ओहोळ उतरत असेल तिथे आत वळते, खडक पुढे आला असेल तिथे बाहेर येते. रेघ कितीही वाकडी असली तरी तिच्यावरचा प्रत्येक शिंपला एकाच उंचीवर आहे, कारण पाणी तिथवरच चढलं होतं.

आता कल्पना करा की समुद्र तुमच्या डोंगरावर चढत गेला आणि दर एक मीटरला थांबून अशी एकेक रेघ सोडून गेला. मग वरून फोटो काढला तर जे दिसेल तो कंटूर नकाशा. एक रेषा म्हणजे एक उंची. दोन रेषांमधला उंचीचा फरक सगळीकडे सारखा ठेवलेला असतो, त्याला मी पुढे टप्पा म्हणेन.

आपल्याकडे ही रेषा कागदावर यायच्या कितीतरी आधी जमिनीवर होती. उतारावरच्या दळीतले भाताचे कुणगे बघा, त्यांच्या मेरी, म्हणजे बांध, कशा वळत वळत जातात. भाताच्या कुणग्यात पाणी सपाट उभं राहायला हवं, म्हणून मेर आपोआप सारख्या उंचीवर धरली गेली. ज्यांनी ती बांधली त्यांनी पाण्यालाच विचारून रेषा काढली.

नकाशा वाचायचा कसा

रेषा जवळजवळ असल्या की चढ उभा. लांब लांब असल्या की सपाट, म्हणजे आपला सडा किंवा खालचा मळा. रेषा गोल फिरून स्वतःलाच मिळाली की टेकाड, पण कधीकधी खड्डाही असू शकतो, म्हणून रेषेवर लिहिलेला आकडा बघायचा.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे रेषांना पडलेलं टोक. एकाखाली एक अशा चार-पाच रेषा एकाच जागी चढाच्या बाजूला टोक काढून वळल्या असतील तर तिथे व्हाळ आहे किंवा पावसात होतो. तीच टोकं उताराच्या बाजूला असतील तर ती डोंगराची सोंड, तिच्या दोन्ही अंगांना पाणी वाटलं जातं. आणि पाणी नेहमी रेषेला काटकोनात, सगळ्यात उभ्या वाटेने उतरतं. नकाशावर बोट ठेवून प्रत्येक रेषा आडवी ओलांडत खाली आलात की पावसाचं पाणी कुठून येणार ते कळतं, घरच्या लहान पोरालाही येतं हे.

कॉम्प्युटर नक्की करतो काय

ठिपक्यांची रांगोळी सगळ्यांनी पाहिलीय. आधी ठिपके, मग ते जोडायचे. कॉम्प्युटरचा कंटूर नकाशाही तसाच होतो, फक्त इथे प्रत्येक ठिपक्याला उंचीचा आकडा चिकटलेला असतो. अशा आकड्यांच्या चौकटीला डीईएम म्हणतात, आपण उंचीची चौकट म्हणूया.

युक्ती जुनी आहे. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगरावर पृथ्वीचं वजन काढायच्या प्रयोगासाठी शेकडो ठिकाणांच्या उंच्या मोजल्या होत्या. त्या आकड्यांवरून डोंगर किती मोठा हे काढायचं काम चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आलं, तेव्हा त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले आणि कागदावर डोंगराचा आकार दिसायला लागला. हटनने हाताने केलं ते आज कॉम्प्युटर काही सेकंदात करतो, पण काम तेच आहे.

समजा एका ठिपक्याची उंची ४२ मीटर आणि तिथून ३० मीटर लांबच्या ठिपक्याची ४८ मीटर. फरक ६ मीटर, म्हणजे दर ५ मीटर चाललं की १ मीटर चढ. ४५ मीटरची रेषा कुठून जाणार? बरोबर मधून. ४३ ची पहिल्या ठिपक्यापासून ५ मीटरवरून. असं प्रत्येक दोन ठिपक्यांमध्ये करत जायचं आणि सारखे आकडे जोडायचे, झाला नकाशा.

पण यात एक गोष्ट आपण गृहीत धरली, ती म्हणजे मधला चढ एकसारखा आहे. एसटी कणकवलीहून दहाला सुटली आणि अकराला कुडाळात पोचली, तर साडेदहाला ती साधारण अर्ध्या वाटेवर असेल असं आपण घरी बसून सांगतो. बहुतेक वेळा जमतं. पण मध्ये अर्धा तास गाडी बंद पडली असेल तर आपला अंदाज चुकला आणि तो चुकला हे घरी बसून कळतही नाही. दोन ठिपक्यांच्या मध्ये गडगा म्हणजे दगडी कुंपण असेल, दरड असेल, जुनी चिऱ्याची खाण असेल, तर कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नसतो, तो सरळ उतार धरून छान गुळगुळीत रेषा काढून देतो, आणि रेषा गुळगुळीत असली की माणसाला ती खरी वाटते. मलाही वाटली होती.

आमच्या अडीच एकरात अकरा ठिपके

फुकट मिळणारी उंचीची चौकट मुख्यतः उपग्रहांवरून आणि अवकाशयानातून आलेली. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अमेरिकन यानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीचा बहुतेक जमिनीचा भाग मोजला, तो डेटा आजही सगळीकडे वापरतात. आपल्या इस्रोने २००५ साली कार्टोसॅट-१ सोडला, त्यात दोन कॅमेरे वेगवेगळ्या कोनातून एकच जमीन बघायचे, आपले दोन डोळे बघतात तसे, आणि त्यातून उंची काढली जायची. तो डेटा इस्रोच्या भुवन पोर्टलवर मिळतो. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ही चौकट उघडली, टप्पा किती हवा ते सांगितलं, की रेषा तयार. खरंच सोपं आहे आणि शिकण्यासारखं आहे.

आता हिशोब बघा. या चौकटीत दोन ठिपक्यांमधलं अंतर साधारण ३० मीटर. म्हणजे एक ठिपका ३० गुणिले ३०, ९०० चौरस मीटर जागेबद्दल बोलतो, जवळजवळ ९ गुंठे. एका एकरात असे साडेचार ठिपके बसतात. आमच्या अडीच एकरात अकरा. आणि यानाने मोजलेल्या त्या चौकटीत उंची पूर्ण मीटरमध्येच लिहिलेली असते, ४२ किंवा ४३, मधलं काही नाही, आणि त्यातही काही मीटर इकडेतिकडे असू शकतं.

त्या अकरा आकड्यांवरून मी अर्ध्या मीटरच्या टप्प्याने रेषा काढल्या होत्या. सॉफ्टवेअरने नाही म्हटलं नाही. नकाशा इतका सुंदर आला की मी तो रंगीत छापून काकांना दिला आणि गड्यांनी त्या रेषा मोबाईलवर बघत बघत चुन्याने आखल्या, ज्या मोबाईलची जागा दाखवण्यातली चूकच पाच-सहा मीटर असते.

मग टप्पा लहान ठेवला तर नकाशा बारीक होत नाही का?

नाही होत. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. लहान फोटो झूम केला म्हणून त्यातल्या माणसाच्या भुवया दिसत नाहीत, फक्त डाग मोठे होतात. रेषा किती काढायच्या ते सॉफ्टवेअरमधल्या एका आकड्यावर आहे, माहिती किती आहे ते ठिपक्यांवर.

सर्व्हेच्या कामात एक रूढ अंदाज वापरतात, मोजमापातली चूक टप्प्याच्या निम्म्याहून कमी असायला हवी. म्हणजे १ मीटरच्या रेषा हव्या असतील तर उंची अर्ध्या मीटरच्या आत बरोबर हवी. चर किंवा मेर काढायची तर हातभर फरकही चालत नाही, तिथे काही सेंटिमीटरपर्यंत जाणारं मोजमाप लागतं. म्हणून नकाशा देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, ठिपके किती अंतरावर घेतले आणि उंचीतली चूक किती. रंग, लोगो, थ्री-डी व्हिडिओ हे सगळं नंतर.

मग फुकटचा नकाशा टाकाऊ का? अजिबात नाही. अख्ख्या डोंगराचं पाणी कुठल्या व्हाळाला मिळतं, आपल्या जमिनीच्या वर किती मोठं क्षेत्र आहे जिथून पाणी आपल्यावर येणार, वाडीचा बंधारा साधारण कुठे बसेल, हे त्यावर चांगलं दिसतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटही त्याच कामाच्या. ५० हजारात एक या प्रमाणाच्या शीटवर साधारण २० मीटरच्या टप्प्याने रेषा असतात, त्यात गाव दिसतं, डोंगर दिसतो. तुमचा कुणगा नाही दिसणार.

ड्रोनने केला तर सगळं बरोबर येतं?

ड्रोन बऱ्याच खालून उडतो, एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो काढतो आणि सॉफ्टवेअर त्यातून दर काही सेंटिमीटरला एक ठिपका काढतं. अकराच्या जागी लाखो ठिपके. पण कॅमेऱ्याला जे दिसतं तेच तो मोजतो आणि आपल्या कोकणात कॅमेऱ्याला जमीन दिसतच नाही.

हापूसचं जुनं झाड घ्या, काजूची दाट बाग घ्या, त्यांचा पाला वर्षभर असतो. ड्रोनला दिसतो तो झाडाचा माथा, आणि नकाशात तिथे आठ-दहा मीटरचं टेकाड उगवतं. सॉफ्टवेअर झाडं वजा करायचा प्रयत्न करतं, पण त्यासाठी मधून मधून मोकळी जमीन दिसायला हवी. पावसाळ्यानंतर भरडावर कंबरभर गवत असतं, ते कापायच्या आत उडवलात तर नकाशा गवताचा येतो. म्हणून आपल्याकडे ड्रोनचा हंगाम म्हणजे गवत गेल्यावर, माघापासून आगोटीच्या आधीपर्यंत. लेझर लावलेला ड्रोन असतो, त्याचे काही किरण पानांच्या फटीतून खाली पोचतात, तो झाडीत जास्त चांगला, पण महाग.

झाडाखाली आणि व्हाळाच्या काठाला काठी घेऊन माणसानेच जायला लागतं. सर्व्हेवाल्यांकडे आरटीके जीपीएस असतो, एक यंत्र ठरलेल्या जागी ठेवतात आणि दुसरं घेऊन फिरतात, पहिलं यंत्र दुसऱ्याची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करत राहतं, त्यामुळे उंची काही सेंटिमीटरपर्यंत बरोबर येते. जिथे झाडांमुळे त्यालाही आभाळ दिसत नाही तिथे टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण. ड्रोन आणि हे दोन्ही मिळून केलेला नकाशा असेल तर त्यावर पैसे घालायला हरकत नाही.

पण माझ्या मोबाईलवर उंची दिसते की

दिसते, आणि कधीकधी समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून उणे साठ-सत्तर मीटर दिसते, लोक घाबरून विचारतात की यंत्र बिघडलं का. बिघडलेलं नसतं. जीपीएस पृथ्वीला एक गुळगुळीत, जरासा चपटा गोळा धरतो आणि त्या गोळ्यापासून उंची मोजतो. खरी समुद्राची पातळी तशी गुळगुळीत नसते, जमिनीखालच्या वजनाच्या कमी-जास्तीमुळे ती कुठे फुगते कुठे दबते, आणि भारताच्या भागात ती त्या गोळ्याच्या बरीच खाली आहे, आपल्या किनाऱ्यावर ६० मीटरहून जास्त.

शेतीसाठी उंचीतला फरक महत्त्वाचा, मूळ आकडा नाही, त्यामुळे सगळा नकाशा एकाच पद्धतीने मोजला असेल तर उणे आकड्यांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन पद्धती मिसळल्यावर. अर्धा भाग समुद्रसपाटीपासून आणि अर्धा जीपीएसच्या गोळ्यापासून असा जोडला तर मध्येच साठ मीटरचा कडा उभा राहतो. स्वतः करून बघणाऱ्यांना अजून एक सांगतो, नकाशा अंशात ठेवू नका, मीटरमध्ये आणा, त्यासाठी यूटीएम ही मीटरमध्ये मोजणारी नकाशाची पद्धत आहे, कोकणासाठी तिचा विभाग ४३ उत्तर. नाहीतर आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये राहते आणि उताराचे आकडे भलतेच येतात.

चांगला नकाशा मिळाला, आता शेतात काय करायचं

आधी पाण्याचा अंदाज घ्या. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे १०० मिलिमीटर पडला, जो आपल्याकडे पावसाळ्यात एका दिवसात सहज पडतो, तर गुंठ्यामागे दहा हजार लिटर, एक टँकर. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, १०० टँकर, एका दिवसात. वरच्या सड्यावरून वाहून येणारं पाणी यात धरलेलंच नाही, आणि कातळावर पाणी मुरतही फार थोडं.

आता घाटावरच्या सल्ल्याबद्दल बोलायला हवं. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर म्हणजे सीसीटी हा शब्द सगळ्यांनी ऐकलाय, कंटूरवर एकदम सपाट चर खणायचा, पाणी अडवायचं, मुरवायचं. जिथे पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आहे तिथे ते अगदी बरोबर, तिथे प्रत्येक थेंब हवा असतो. आपल्याकडे तीन हजाराच्या आसपास पडतो. इथे तुडुंब भरलेल्या सपाट चराला जिथे काठ चार बोटं खाली असेल तिथून पाणी उलटतं आणि मग तिथूनच सगळं जातं. म्हणून जास्त पावसात बांध किंवा चर कंटूरला धरून पण जरासा कलता ठेवतात, १०० मीटरला साधारण २० ते ४० सेंटिमीटर, माती बघून कमी-जास्त. पाणी पळत नाही, चालत चालत कडेला जातं आणि तिथे दगड लावलेल्या वाटेने व्हाळात उतरतं. अडवायचंच असेल तर सलग लांब चर न काढता तुटक तुटक काढायचे, म्हणजे एक फुटला तरी सगळे फुटत नाहीत.

उतार टक्क्यात बोलतात, १०० मीटर आडवं गेल्यावर किती मीटर चढलो ते. हे अंश नव्हेत, १०० टक्के म्हणजे ४५ अंश. साधारण १६ ते ३३ टक्के उतारावर पायऱ्या काढतात, आणि जास्त पावसाच्या भागात पायरीला आतल्या बाजूला, डोंगराकडे, किंचित कल देतात म्हणजे पाणी काठावरून न कोसळता आतून पाटाने निघतं. मी कितीतरी नव्या बागांत बाहेरच्या बाजूला कलत्या पायऱ्या पाहिल्यात, पहिल्या पावसातच काठ खाल्लेला. ३३ च्या वर पायऱ्या काढूच नयेत, तिथे प्रत्येक झाडाला वरच्या अंगाने अर्धचंद्राकृती खाच करून बाकी गवत आणि रान तसंच राखावं.

जेसीबीने पायथा कापायचा विषय वेगळा सांगतो, कारण तो पैशाचा नाही, जिवाचा आहे. उताराचा पायथा हा वरच्या मातीचा टेकू असतो. घरासाठी, रस्त्यासाठी, पायरीसाठी तो उभा कापला की वरची माती अधांतरी राहते आणि ती पाण्याने जड झाली की खाली येते. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीयेवर दरड आली, १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर. प्रत्येक दरडीचं कारण वेगळं असतं आणि दोन्ही ठिकाणच्या कारणांबद्दल मी इथे काही म्हणत नाही, पण ज्या नकाशात घराच्या वरच्या अंगाला रेषा एकमेकींना चिकटल्यात तिथे कापायच्या आधी भूगर्भाच्या जाणकाराला जागेवर आणावं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे आहेत, पण तेही ५० हजारात एकचे, त्यावर तालुका कळतो, तुमची मागची पडवी नाही.

कलमांच्या ओळीसुद्धा नकाशावर आधी मांडून बघता येतात. हापूसला जुन्या पद्धतीने १० बाय १० मीटर धरलं तर हेक्टरी १०० झाडं. चौकोनी ओळी उतारावर मारल्या की अर्ध्या ओळी वर-खाली जातात आणि आळ्यांतली माती त्याच वाटेने धुपते, तेच कंटूरला धरून ओळी वळवल्या तर झाडं दोन-चार कमी बसतील पण खत जागेवर राहील. आणि सड्यावर काम असेल तर जेसीबीच्या आधी एकदा कातळ झाडून बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत आणि ती अशाच सड्यांवर आहेत, गवताखाली.

आमच्या आजोबांनी नकाशाशिवायच बागा केल्या

केल्या, आणि टिकल्या. पण त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ते पावसात त्या जमिनीवर उभे असायचे, दरवर्षी, इरलं घेऊन, आणि मेर फुटली की त्याच दिवशी बांधायचे. दुसरं, ते एका वर्षात दोन-तीन कुणगे करायचे, चुकलं तर थोडंच चुकायचं. आज मुंबईहून चार दिवसांची रजा काढून माणूस येतो, जेसीबी तासावर असतो, आणि दोन दिवसांत अख्खा डोंगर उलटापालटा होतो. कामाचा वेग वाढला म्हणून आधी मोजायची गरज वाढली.

या नकाशावर हद्दीचा वाद सुटेल?

नाही. हद्द भूमी अभिलेखची मोजणी ठरवते, सातबारा आणि मोजणीचा नकाशा तिथला. कंटूर नकाशावर कोणी हद्दीची लाल रेघ मारून दिली असेल तर ती फक्त अंदाजाला आहे, ती दाखवून भावकीत भांडू नका.

खाडीकाठच्या खारजमिनीला उपयोग आहे का?

सगळ्यात जास्त तिथे, आणि सगळ्यात अवघडही तिथेच. सगळी जमीन मीटरभर उंचीच्या आत-बाहेर, भरतीचं पाणी बांधापर्यंत येऊन थांबलेलं. तिथे वीतभर खोलगट भाग असला की खारं पाणी साचून भात जातं. फुकटच्या चौकटीत अख्खी खारजमीन एकाच आकड्याची दिसते, त्याला काही अर्थ नाही. पण आरटीकेने दहा-दहा सेंटिमीटरचा नकाशा केला तर उघाडीपर्यंत, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापर्यंत, पाणी का पोचत नाही, मध्ये कुठे उंचवटा अडवतोय, बांध कुठे खचलाय, हे स्पष्ट दिसतं. अशा ठिकाणी एकट्याने करण्यापेक्षा सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून करावा, बांध आणि उघाडी सामाईकच असते.

नकाशा खरा का, ते घरच्या घरी कसं बघायचं

गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, पंधरा मीटरची. पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. नळीची दोन टोकं दोन सारख्या काठ्यांना बांधा, काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा. एक काठी नकाशातल्या रेषेवर एका जागी, दुसरी त्याच रेषेवर पुढे. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं तर त्या दोन जागा खरोखर एका उंचीवर आहेत. असं पुढे पुढे सरकत जायचं. दोन माणसं, एक सकाळ.

चर फुटल्यावर मार्गशीर्षात आम्ही हेच केलं. फुटलेल्या चराच्या जुन्या रेषेवरून नळी घेऊन निघालो, पहिले चाळीस मीटर दोन-चार बोटांचा फरक, आणि मग फुटलेल्या जागेच्या पाच-सहा पावलं आधी पाणी एकदम हातभर वर गेलं. म्हणजे जमीन तिथे हातभर खाली होती. चार-पाच पावलांची रुंदी, पुढे परत वर. गवत कापलेलं होतं तरी नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नव्हतं, नळीवरून कळलं. काका काठी धरून उभे होते, ते म्हणाले, "अरे, थंय गुरांची वाट होती. माझ्या बापाशीच्या वेळेपासून गुरां थंयसून व्हाळार जायत."

मी विचारलं आधी का नाही सांगितलं.

"तू इचारलस खंय?"

पन्नास-साठ वर्षं गुरं एका वाटेने गेली की जमिनीला घळ पडते. तीस मीटरच्या ठिपक्यांना ती दिसणं शक्य नव्हतं, आणि एका दिवसाचं १०० टँकर पाणी कुठून उतरायचं ते त्या वाटेला माहीत होतं. मग आरटीके भाड्याने आणून नव्याने मोजलं, अडीच एकरात चारशेच्या वर ठिपके घेतले, वाट आणि गडगे वेगळे टिपले. आता तीन चर तुटक आहेत, व्हाळाकडे जरासे कलते, आणि गुरांच्या वाटेत चर न खणता जांभ्याचे दगड लावून तिथूनच पाण्याला उतरायला वाट ठेवली आहे. गेल्या पावसात वरच्या चराचा एक काठ थोडा ढासळला, बाकी उभं आहे, नवी कलमं धरलीत.

नवा नकाशा काकांना मोठ्या कागदावर छापून दिला तर त्यांनी तो पडवीत पसरला, चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि पेन मागितलं. मग एकेका कुणग्यावर बोट ठेवून मला लिहायला लावलं, व्हाळाकडचो, आंब्याखालचो, लांबकुणगो, जिथे पाझर फुटतो ती जागा, जिथे माघापर्यंत ओल राहते ती जागा. चैत्रात खालचे कुणगे मोजायचेत, त्याच्या आधी ही सगळी नावं कॉम्प्युटरमध्ये टाकायची आहेत.